कॅरियर आहे ना तिला?

नोव्हेंबरातला शनिवार, बाहेर पाऊस, घरात कांदाभजी, अशा बेसावध क्षणी मी बायकोला म्हटलं की जूनमध्ये मी ऱ्हाईनच्या काठाकाठाने सायकलवर येणार, स्वित्झर्लंडमधल्या उगमापासून ते इथे नेदरलँड्समध्ये हुक फान हॉलंडला समुद्र लागेपर्यंत. तिने झारा निथळत "कुठल्या सायकलने?" एवढंच विचारलं, आणि त्या एका प्रश्नाने माझे पाच महिने खाल्ले.

तशी सायकल आहे हो माझ्याकडे. आइंडहोवनला राहून सायकल नाही म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा माहीत नाही म्हटल्यासारखं. पण ती ओमाफीत्स, म्हणजे शब्दशः आजीची सायकल, इथे तसंच म्हणतात. गियर नाही, ब्रेक लावायचा तर पायडल उलटं मारायचं, आणि मागचं मडगार्ड स्टेशनवर कोणीतरी चेपून ठेवलंय. आमच्याकडे सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, त्यामुळे तिचं निभतं. ऱ्हाईनचा रस्ता, ज्याला यूरोवेलो १५ म्हणतात, तो मात्र अँडरमॅटहून निघतो आणि निघाल्या निघाल्या ओबरआल्पची खिंड, २०४४ मीटर. गावापासून सहाशे मीटर वर. म्हणजे पहिल्याच दिवशी सकाळचा चहा जिरायच्या आत एक अख्खा सिंहगड, तोही सामानासकट.

मग मी वाचायला बसलो. पहिला शोध सायकलचा नाहीच, नदीचा लागला. ऱ्हाईनची लांबी वर्षानुवर्षं सगळीकडे १३२० किलोमीटर छापून येत होती, २०१० मध्ये कोलोनच्या एका शास्त्रज्ञाने दाखवलं की खरी १२३० च्या आसपास आहे, बहुतेक कोणीतरी कधीतरी दोन आणि तीनची अदलाबदल केली आणि बाकीच्यांनी मुकाट कॉपी मारली. जर्मन लोकांच्या हातूनही असं होतं हे वाचून इतकं बरं वाटलं! शिवाय नव्वद किलोमीटर वाचले, म्हणजे एक दिवस वाचला, आणि तो मी टायरचे साइज समजून घेण्यात घालवला.

ते टायरचं प्रकरण सांगतोच. ट्रेकिंग सायकलचं चाक २८ इंची. माउंटन बाइकचं २९ इंची. आता शाळा शिकलेल्या माणसाला वाटेल की २९ मोठं. नाही! टायर जिथे रिमवर बसतो तिथलं माप दोघांचं एकच, ६२२ मिलिमीटर. आणि माझ्या ओमाफीत्सचं चाकही २८ इंचीच म्हणवतं, पण तिचं ६३५, म्हणजे २८ चं टायर २८ च्या रिमवर बसत नाही आणि २९ ची रिम २८ एवढीच. हे मी रात्री साडेअकराला बायकोला समजावून सांगितलं, ती म्हणाली छान, लाइट बंद कर. मला मात्र झोप नाही, कारण त्याच भरात कळलं की बाबांची काळी ऍटलास, जिला आम्ही जन्मभर बावीस इंची म्हणत आलो, तिचं चाकसुद्धा २८ इंची, आणि तेही ६३५ वालंच. बावीस हे फ्रेमचं माप होतं! मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत त्या सायकलवर मी मोठा झालो, ती नक्की कशात बावीस आहे हे कळायला हॉलंड गाठावं लागलं.

फ्रेमचं माप काढायचं तर आधी आपला पाय मोजायचा. भिंतीला टेकून, अनवाणी, दोन पायांच्या मध्ये जाडजूड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने जमिनीपासून टेप लावायची. आमची पुस्तकं सगळी मोबाइलमध्ये. किसणी सोडून घरातली प्रत्येक चपटी वस्तू लावून बघितली, शेवटी ताट चाललं. तीन वेळा मोजलं, ७६, ८१ आणि ७८ सेंटिमीटर आले. ८१ ला बायको हसत होती म्हणून तो बाद. ७८ ला ०.६६ ने गुणलं की फ्रेम साडेएक्कावन्न.

हा आकडा घेऊन मी एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता सहा फूट तीन इंच, आवाज अत्यंत प्रेमळ. त्याने मला वरपासून खालपर्यंत, म्हणजे फार लांब नाही, एकदा बघितलं आणि दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे आधीच एक बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर सायकल बघत होता. आम्हा दोघांनाही तीच आवडली. मी मोठेपणा दाखवून माघार घेतली.

मग सल्ले सुरू झाले. मंडळातला एकजण म्हणाला स्टीलचीच घे, फ्रेम तुटली तर कुठल्याही खेड्यात वेल्डिंग होतं. अरे पण मी ताजिकिस्तानला नाही, बाझलला चाललोय! दुसरा म्हणाला कार्बन, अर्धं वजन. पण त्या सायकलला स्टँड लावायचा नाही, कॅरियर लावायचं नाही, मग सामान काय दातात धरू? तिसऱ्याने रोलॉफचं नाव काढलं. मागच्या चाकाच्या हबमध्येच बंद डब्यात चौदा गियर, चिखल नाही, कचकच नाही, फक्त दर ५००० किलोमीटरला आतलं ऑइल बदलायचं. किंमत नुसत्या हबची हजार युरोच्या वर. बायको म्हणाली ऑइल बदलायचंच आहे तर इंजिनपण बसवून घे.

आणि दर रविवारी साताऱ्याहून आई.

"घेतलीस का?"

"बघतोय अजून."

"कॅरियर आहे ना तिला?"

एप्रिलमध्ये एक सेकंडहँड जाहिरात दिसली. ब्रेडाजवळचं गाव, घरासमोर ट्यूलिप, दार उघडलं सत्तरीच्या एका आजीबाईंनी. दांडी खाली झुकलेली, पुढे-मागे कॅरियर, पुढच्या हबमध्ये डायनॅमो, बटरफ्लाय हँडल. याच सायकलवर त्या स्पेनमध्ये सांतियागोपर्यंत जाऊन आलेल्या. मी पाच महिन्यांचा अभ्यास पणाला लावून विचारलं, स्टील कुठलं आहे? त्यांनी सायकलकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हिरवं."

बसलो. पाय टेकले! दोन्ही! साडेसहाशे युरो मोजले आणि परत आजीचीच सायकल घेऊन घरी आलो.

विमा काढायला गेलो तर कुलूप लावायची साखळी दोन स्टारवाली, म्हणजे चोराला तेवढी दाद न देणारी, पाहिजे म्हणाले, तिचं वजन दोन किलो. फ्रेमच्या वजनातल्या तीनशे ग्रॅमवरून मी फेब्रुवारीतले दोन वीकेंड घालवले होते. खाली शेडमध्ये ठेवायचा धीर होईना म्हणून ती आता हॉलमध्ये असते, हीटरला लागून, आणि ऑफिसला मी जुन्या ओमाफीत्सवर जातो.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हटलं बघ, कॅरियर आहे, दोन आहेत, आणि हे हँडल बघ, लांबच्या प्रवासात मनगटं भरून येऊ नयेत म्हणून हात ठेवायला चार वेगवेगळ्या जागा, असं म्हणून फोन तिकडे वळवला, तर चारही जागांवर बायकोने मोजे वाळत घातले होते.