टेप गुंडाळली म्हणजे जॉईंट झाला नाही

वायर कमी पडली की दोन्ही टोकं सोलायची, पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची आणि पाईपात ढकलून द्यायचं. बेळगाव-खानापूर भागात वायरिंगची कामं करताना हे सारखं बघतो आणि दरवेळी तितकाच संताप होतो. मालकही म्हणतात, "काका, चार फुटांसाठी अख्खी वायर कशाला बदलताय? जोडून सोडा की!"

टेप फक्त करंट बाहेर येऊ देत नाही. आतली तार घट्ट धरणं हे तिचं कामच नव्हे. पीळ सैल झाला की तेवढीच जागा तापते. 9 वॅटच्या बल्बवर असला जॉईंट वर्षानुवर्षं निभावतो. पुढे त्याच लाईनवर 2000 वॅटचा गिझर येतो, तो 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर ओढतो, आणि तिथून जळायला सुरुवात होते. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. लोकांना हेच पटत नाही.

जांबोटीकडच्या कौलारू घरांत असा जॉईंट उघडला की टेपचा डिंक बोटाला चिकटतो, तांबं हिरवं पडलेलं, शेजारचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडकडीत. त्यात जुनी वायर अ‍ॅल्युमिनियमची आणि नव्या खोलीची तांब्याची असेल, तर नुसता पीळ म्हणजे धोकाच. तिकडच्या पावसाळ्यातल्या ओलीनं दोन धातूंच्या सांध्याला गंज चढतो. त्याला दोन्ही धातूंसाठी बनवलेलाच कनेक्टर लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो बोर्डापासून पॉईंटपर्यंत अखंड वायर ओढा. जोडायचीच झाली तर जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून, आणि बॉक्सचं झाकण नंतर उघडता आलं पाहिजे. प्लास्टरखाली गाडलेला जॉईंट कोण तपासणार? बहुतारी वायरला स्क्रूखाली देण्याआधी फेरूल, म्हणजे सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी, चढवून क्रिंप करा, म्हणजे पक्कडीनं दाबून घट्ट बसवा. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरला पुढे 1.5 ची जोडू नका. अर्थिंगची हिरवी वायरही तितक्याच नीट जोडा, ती मध्येच तोडून सोडलेली मी पाहिली आहे.

गणपतीत तर मखरामागे बारीक दोन तारांची वायर वाढवत नेतात आणि जॉईंट नेमका कापड-थर्माकोलला टेकलेला असतो. तिथे तयार एक्स्टेन्शन बोर्डच घ्या, तोही मखराच्या बाहेर ठेवा, आणि झोपण्याआधी लाईटच्या माळा बंद करा.