पगारपत्रकाच्या जुन्या प्रोग्रामबद्दल आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

‘नुसता प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर टाकायचा होता. दुसऱ्याने दहा मिनिटांत चालू करून दाखवला, यांनी दोन आठवडे ठेवून घेतला आणि वर बिल लावलं,’ असं आपण लिहिलंय. त्या काळात पगार हाताने मांडताना आपल्या मुनीमजींचे हाल झाले, हे मला ठाऊक आहे. तरी काम काय होतं ते सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आणखी कुणी कारखानदार हे वाचत असतील, त्यांनाही उपयोग होईल.

आपला प्रोग्राम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला, डॉसच्या काळातला १६ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, तिच्यावर तो उघडतच नाही. दहा मिनिटांत जे दिसलं ते डॉसबॉक्स, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. ते मुळात जुन्या गेमसाठी बनवलेलं. स्क्रीन येते, पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छपाईची सोय त्यात नाही. डॉसबॉक्सचा वेग वाढवला की ‘रनटाइम एरर २००’ दाखवून आपला प्रोग्राम बंद पडतो. तो सुरू होताना कॉम्प्युटरचा वेग जोखायला ५५ मिलिसेकंदांत मोजणीचे किती फेरे झाले ते बघून ५५ने भागतो. उत्तर ६५,५३५च्या वर गेलं की १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर शून्याने भागल्याचीच चूक दाखवतो.

आपण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, जपून ठेवला होता, म्हणून तो फ्री पास्कल या आजच्या कंपायलरमध्ये नव्याने कंपाइल करता आला, म्हणजे नव्या मशीनवर चालेल असा बनवता आला. खरा धोका इथेच होता. आपल्या प्रोग्राममध्ये टर्बो पास्कल प्रत्येक रक्कम फाइलमध्ये ६ बाइटांच्या जागेत ठेवतं, नवा कंपायलर ती ८ बाइटांची धरतो. तसंच चालवलं असतं तर पहिल्या रकमेपासून फाइल सरकली असती. प्रोग्राम अडला नसता. पगारपत्रक छापूनही आलं असतं, पण उचल आणि मजुरीचे आकडे भलतेच. म्हणून ६ बाइटांची रक्कम वाचून बदलणारा भाग वेगळा लिहिला, आणि जुन्या-नव्या मशीनची पगारपत्रकं ओळीला ओळ लावून पैशापर्यंत ताडून पाहिली. वेळ गेला तो यात. डझनावर मजुरी घेणाऱ्या माणसाला आपला पगार चुकलाय हे स्वतः शोधावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

बिल काम सुरू करण्याआधी सांगितलं होतं, तेवढंच लावलंय. ते कमी करणार नाही. ताडून पाहिलेले कागद दुकानात ठेवलेत. कामगारांचे आकडे इथे मांडणं बरं नाही, आपण येऊन बघा. आणि मार्चअखेरचे हिशेब नव्या मशीनवर जुळेपर्यंत जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका.