पॅडल खाली सोडायला तुमचं काय जातं?

इंग्लंडातल्या कालव्यावर टार्डबिगच्या लॉकमधून (बोट वर-खाली नेणारी, दोन्हीकडे गेटं असलेली पाण्याची टाकी) काल संध्याकाळी जो कोणी शेवटचा गेला, त्याने वरच्या गेटचं पॅडल (पाण्याची झडप, खाली सोडली की बंद) उघडंच टाकलं आणि खालचं अर्धवट लावलं. झालं, रात्रभर पाणी वाहत राहिलं. सकाळी धुक्यातून आम्ही बोट घेऊन तिथे पोचलो, तर लॉकच्या वरचा कालवा रिकामा. नुसता काळा चिखल, मधून एक ओहोळ आणि त्यात रुतलेली कुणाची तरी सायकल. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

एका ओळीत तीस लॉक आहेत तिथे, देशातली सगळ्यात मोठी चढण. दोन लॉकमधलं पाणी मुळातच थोडं. वरच्या लॉकमधून पाणी खाली सोडावं तर त्याच्या वरचा पट्टा कोरडा पडणार, म्हणून आणखी वर जायचं, तिथून थोडं आणायचं, पुन्हा खाली. नवरा विंडलस (पॅडल फिरवायचा हँडल) घेऊन चढावर पळतोय, मी खाली थंडीत दोर धरून उभी, मुलं कंटाळलेली आणि आतून सासूबाई विचारतायत, "अगं, निघालो का?" काय सांगायचं त्यांना? शेवटी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला फोन केला. आलेला माणूस भला होता, एका शब्दाने कुरकुरला नाही. पण त्याने तरी दुसऱ्यांची घाण का निस्तरायची?

अख्खी सकाळ गेली. ऑक्टोबरअखेरीस सकाळ गेली म्हणजे दिवस गेला! घड्याळं मागे गेली की पाचच्या आसपास अंधारतं, आणि भाड्याची बोट अंधारात चालवायला मनाई. आधीच बोटयार्डवाल्यांनी पहिल्या दिवशी दुपारी उशिरा बोट ताब्यात दिली, वर सह्या आणि डेमो. मुलांच्या हाफ टर्मच्या सुट्टीतला भाव मात्र पूर्ण घेतला. बर्मिंगहॅम गाठायचं ठरवून निघालो होतो, ते राहिलं.

आणि हे नुसतं आमचं नुकसान नाही. असं नॅरो, म्हणजे अरुंद, लॉक एकदा भरायला लाखभर लिटर पाणी लागतं. 2025 च्या उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून लीड्स–लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला, लोकांच्या सुट्ट्या बुडाल्या, बोटीवर राहणारे अडकून पडले. हे सगळं बघूनही तुम्ही रात्रभर पाणी वाया घालवता? 'गेट आणि पॅडल बंद करा' हे लॉकवर लिहिलेलं असतं. मागे वळून एकदा बघायचं, बस्स.

हेच लोक ताशी चार मैलांची मर्यादा धाब्यावर बसवून बांधलेल्या बोटींजवळून सुसाट जातात. परवा आमचे खुंटे उपटले, फडताळातला चिवड्याचा डबा जमिनीवर. दिवाळीचा फराळ आईने पुण्याहून पाठवलेला! आणि टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, कुत्र्याची घाण पिशवीत बांधून ती पिशवी झुडपाला लटकवणारे? उचललीत ना, मग घरी न्या की! सायकलवाले पुलाखालच्या आंधळ्या वळणावर घंटी वाजवत नाहीत, सासूबाई दोनदा भिंतीला चिकटल्या. प्रोपेलरमध्ये पानं अडकतात त्याबद्दल मी कधी तक्रार करणार नाही. शरद ऋतू आहे, झाडं पानं टाकणारच, क्षणभर रिव्हर्स दिला की सुटतात. पण त्याच प्रोपेलरमधून गार पाण्यात हात घालून नवऱ्याने कुणाचं तरी फेकलेलं जाकीट आणि प्लास्टिकची दोरी कापून काढली. ती झाडावरून पडली नव्हती.

दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी हातांनी खणलेला कालवा आहे हा, 1815 पासून चालू. आजही स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी येऊन गेटं रंगवतात, गवत कापतात. त्यांच्या कष्टांवर तुम्ही फुकट सहल करता आणि पॅडल खाली सोडायची तुम्हाला शुद्ध नसते. काल रात्री टार्डबिगला जे कोणी होतात, बोटीतला विंडलस यार्डात परत द्या आणि पुढच्या वर्षी हॉटेलात जा.