कंट्रोलर बदलताना ‘क्लिअर’ दाबू नका: एका फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर सर्व्हरच्या बॅकअपबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय. तो आता माझ्या मावसभावापर्यंत पोचला. तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो आणि तिथल्या सर्व्हरचं रेड कार्ड, म्हणजे डिस्क कंट्रोलर, बदलायचं ठरलंय. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या वापरण्याची सोय. मेसेज मला पाठवून त्यानं खाली विचारलं, ‘दादा, असं असेल तर बॅकअपसाठी अख्खा दिवस काम कशाला अडवायचं?’

मेसेजात थोडक्यात पाच गोष्टी आहेत. रेड असेल तर बॅकअप लागत नाही. कार्ड गेलं तर कुठलंही नवं कार्ड टाका, डिस्क कशाही क्रमानं लावा. ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असं दिसलं तर ते क्लिअर करून नवं रेड बनवा, डेटा डिस्कवरच असतो, कुठं जात नाही. फारच भीती वाटली तर रात्री डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर कॉपी-पेस्ट करा. आणि बॅकअपचे वेगळे पैसे मागणारा इंजिनिअर तुम्हाला लुटतोय.

तिसरा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या चुका निस्तरता तरी येतात.

चार डिस्कचं रेड ५ असेल तर तुमची फाइल कुठल्याही एका डिस्कवर पूर्ण नसते. कार्ड तिचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरतं. तुकडा ६४ केबीचा धरला तर कास्टिंगच्या १ एमबीच्या एका ड्रॉइंगचे १६ तुकडे होतात, आणि त्यांच्या मधे मधे पॅरिटीचे, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा हिशेबानं पुन्हा काढता येईल अशा जादा माहितीचे, तुकडे येतात. कोणती डिस्क कितवी, तुकडा केवढा, रेड कुठल्या प्रकारचं, सुरुवात कुठून, ही सगळी नोंद कार्ड त्या डिस्कवरच एका राखीव कोपऱ्यात लिहून ठेवतं. नव्या कार्डाला ही नोंद दिसते, पण ती त्याने स्वतः केलेली नसते. म्हणून ते ‘फॉरेन’ म्हणतं. हा बिघाड नाही. ही चांगली बातमी आहे! तुमचं जुनं रेड नव्या कार्डाला ओळखू आलंय, आता ‘इम्पोर्ट’ निवडायचं. ‘क्लिअर’ निवडलंत की ती नोंदच पुसली जाते. मोजणीचा नकाशा फाडायचा आणि वर म्हणायचं, जमीन तर जागेवर आहे ना!

मेसेज तेवढ्यावर थांबत नाही. पुढे ‘नवं रेड बनवा’ म्हणतो. नवं रेड बनवताना कार्ड ‘इनिशियलाइझ’ करू का असं विचारतं. फास्ट निवडलं तर व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या भागात शून्यं भरली जातात, आणि पार्टिशन टेबल, म्हणजे कुठला ड्राइव्ह कुठून सुरू होतो याची यादी, नेमकं तिथंच असतं. फुल निवडलं तर शेवटपर्यंत शून्यं. मग कुठला डेटा आणि कुठली डिस्क?

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकतो. तोच प्रकार, तोच क्रम, तोच तुकडा ठेवून, इनिशियलाइझ न करता रेड पुन्हा बांधलं तर डेटा परत दिसू शकतो. डेटा रिकव्हरीवाले हे करतात. पण ते आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल काढतात आणि हात लावतात तो नकलेला. बॅकअप नसलेल्या माणसाला मूळ डिस्कवरच हे करायला सांगणं हा गुन्हा आहे, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

शिवाय समजा त्या चारांतली एक डिस्क मागेच रेडमधून बाहेर पडली होती आणि कुणी लाल दिव्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिच्यावरचा डेटा जुना. नव्याने रेड बांधताना ती चांगली म्हणून आत घेतली, की कार्ड मागच्या मागे पॅरिटी नव्याने लिहायला लागतं, आणि ज्या पॅरिटीवरून त्या डिस्कचा ताजा डेटा बांधता आला असता तीच जाते. क्रम चुकला असेल तर विंडोजला फाइलसिस्टीम मोडकी दिसते, चेकडिस्क चालू होतं, आणि ते ‘दुरुस्ती’ म्हणून उरलेलंही बिघडवतं. फाउंड्रीत याचा अर्थ हीट नंबरवार (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याच्या नंबरानुसार) धातूच्या तपासणीचे स्पेक्ट्रो रिपोर्ट, टेस्ट सर्टिफिकेट, पॅटर्नची ड्रॉइंग, सगळं गेलं. ग्राहकाने जुन्या कास्टिंगची तक्रार काढली तर दाखवणार काय?

‘कुठलंही कार्ड चालतं’ हेही चूक. डेल कंपनीची बरीच ‘पर्क’ रेड कार्डं आणि ‘मेगारेड’ नावाची कार्डं एकाच घराण्यातली, त्यामुळे त्यांच्यात इम्पोर्ट बहुतेक वेळा जमतं. एचपीच्या ‘स्मार्ट ॲरे’ कार्डांची नोंद वेगळ्या पद्धतीची, ती मेगारेडला वाचता येत नाही. क्रमाबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल: नवी कार्डं डिस्कला स्लॉटवरून नाही, तिच्यावरच्या नोंदीवरून ओळखतात. तरीही डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर लिहा, फोटो काढा, रेडचा प्रकार आणि तुकड्याचा आकार कागदावर उतरवा. इम्पोर्ट फसलं तर हातात तेवढंच असतं. सर्व्हर रीतसर शटडाउन करा, नाहीतर राइट-बॅक असलेल्या, म्हणजे डेटा आधी स्वतःच्या मेमरीत (कॅशेत) घेऊन मग डिस्कवर लिहिणाऱ्या, कार्डाच्या कॅशेत डिस्कवर न पोचलेला डेटा अडकून राहू शकतो. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच विंडोजमध्ये घाला. नाही घातला तर डेटा शाबूत असूनही ०x७बी ची निळी स्क्रीन येते आणि घाबरून कुणीतरी भलतंच बटण दाबतं.

रेड म्हणजे बॅकअप, हे खोडण्यात फार वेळ घालवत नाही. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलेत रेडची कल्पना मांडली, ती एखादी डिस्क मेली तरी काम चालू राहावं म्हणून. चुकून डिलीट केलेली फाइल रेड इमानदारीनं सगळ्या डिस्कवरून डिलीट करतं. रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, कुलूपबंद केलेलीही तशीच लिहितं. आणि २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत का हवी हे मी सांगायला नको.

कॉपी-पेस्टचं म्हणाल तर चालू असलेल्या एसक्यूएल डेटाबेसची फाइल एकतर कॉपी होत नाही, किंवा झाली तरी अर्धवट क्षणाची होते. कोणत्या फोल्डरला कुणाला परवानगी, हेही साध्या कॉपीत हरवतं. डेटाबेसचा बॅकअप डेटाबेसच्याच सोयीनं घ्यायचा, टॅलीचा टॅलीतून, आणि पूर्ण सर्व्हरची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब प्रत, वेगळी.

पण घेतलेला बॅकअप परत चढतो का, हा खरा प्रश्न. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या इंजिनिअरनं चुकून मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबीची डिरेक्टरी पुसली. बॅकअपच्या आणि रेप्लिकेशनच्या (डेटाची दुसरी प्रत सतत ताजी ठेवण्याच्या) पाच सोयी होत्या, आणि एकही धड चालत नव्हती, असं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं. रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रॅमनं चालू होता, म्हणून होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी कामासाठी कुणीतरी हाताने काढलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, होता म्हणून निभावलं, तरी तेवढ्या तासांचा डेटा गेला. त्यांची ही गत, तर डी ड्राइव्हच्या कॉपीवर आपण किती विसंबायचं?

म्हणून कार्डाला हात लावण्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवा. टॅली उघडून शेवटचं व्हाउचर आणि ट्रायल बॅलन्स मूळ सर्व्हरशी जुळवा, मधलीच एखादी जुनी ड्रॉइंग उघडून बघा. मग बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून सोडवून बाजूला ठेवा. एवढं झालं असेल आणि इम्पोर्ट नाहीच जमलं, तर खुशाल क्लिअर करा, नवं रेड बनवा आणि बॅकअप चढवा. त्याआधी नाही.

राहिली लूट. बॅकअपचं बिल लावून तो कधीच उघडून न बघणारे लोक आहेत, नाकारत नाही. त्यांना पैसे देऊ नका. पण खर्च वाचवायला बॅकअपच टाळायचा, हे कंपनीला परवडणारं नाही: कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असं कंपनी लेखा नियमांत २०२२ पासून आहे. बिलात ‘बॅकअप’ एवढाच शब्द असेल तर सही करू नका. ‘दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवला’ असं लिहून घ्या, आणि तो उघडताना स्वतः शेजारी बसा.