लंगोट कोणी धुवायचे?

सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलगी झाली, तेव्हा आपल्या घरात डायपर येणार नाही, असे मी मोठ्या तत्त्वनिष्ठेने जाहीर केले होते. डायपरमधले प्लास्टिक आणि ओल शोषून घेणारे पॉलिमर वर्षानुवर्षे कुजत नाही, हे खरेच आहे. सासूबाईंनी हौसेने जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटी शिवली. मग जुलै लागला. आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर, अगदी देवघरासमोर बांधलेल्या दोरीवरही लंगोट वाळत असत आणि तरी हाताला दमटच लागत. दिवसाला पंधरा-वीस लंगोट भिजवून, घासून, गरम पाण्यातून काढायचे काम बायको करत होती, तेही सिझेरियनचे टाके ओले असताना. मी ऑफिसात. तिसऱ्या आठवड्यात तिने एवढेच विचारले, "तत्त्व तुझं, मग बादली माझी का?"

त्या दिवसापासून संध्याकाळची बादली माझ्याकडे आली आणि रात्रीपुरता डायपरही घरात आला. मला त्यात पराभव वाटत नाही. पर्यावरणपूरक घर म्हटले की बांबूचे टूथब्रश आणि लाकडी खेळणी डोळ्यांसमोर येतात, कारण ती विकत घेता येतात. प्रत्यक्षात असे घर म्हणजे रोजचे, कंटाळवाणे, हाताने करायचे जास्तीचे काम असते आणि ते बहुतेक घरांत न विचारता बाईच्या वाट्याला जाते. नाचणीचे सत्त्वच घ्या. भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवा, दळा, वस्त्रगाळ करा. मोड आल्याने नाचणीतले लोह बाळाच्या अंगी अधिक लागते म्हणून हा खटाटोप सार्थ आहे, पण "बाहेरची पावडर नको" असे म्हणणाऱ्याने निदान चाळायला तरी बसावे.

आणि हे काम घराच्या दारापाशी संपत नाही. पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा नेते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी एकदा जिन्यात पाहिले, तेव्हा त्या कोणाच्या तरी सुक्या कचऱ्यातून उघडाच टाकलेला डायपर दोन बोटांनी बाजूला काढत होत्या. डायपर नीट गुंडाळून द्यावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलेले होते. आता धाकटा आठ महिन्यांचा आहे. त्याचा रात्रीचा डायपर सकाळी मी वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि मावशींना वरूनच ओळखू यावा म्हणून मुलगी त्यावर स्केचपेनने लाल ठिपका काढते. ठिपका कशासाठी, हे तिला ठाऊक आहे, कारण मावशींना ती रोज पाहते. (कधी कधी ती ठिपक्याला डोळे आणि मिशाही काढते, मावशींची हरकत नाही.)

ओल्या कचऱ्याचे खत करायचा डबा बाल्कनीत आहे. पहिल्या वर्षी त्यात वाळका पाला कमी पडला, वास सुटला आणि शेजारच्या काकूंनी आठवडाभर खिडकी उघडली नाही. त्यांचे काही चुकले नाही. या महिन्यात डब्याची पाळी माझी आहे, पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि सोसायटीतला सगळा पाला चिंब झाला आहे. कोथरूडच्या आसपास कोणाकडे एखादे पोते कोरडा पाला असेल, तर कळवावे. न्यायला मीच येईन.