सात मिनिटं पुढे

आमच्या गाडीतलं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. बिघडलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. मी कुठेतरी वेळेवर पोचावं म्हणून बायकोने केलेली ती सोय. मी मनातल्या मनात सात वजा करतो हे तिला माहीत आहे आणि तिला ते माहीत आहे हे मला. त्यामुळे तीही सात वजा करते. घड्याळ तेवढं बिचारं दोघांसाठी पुढे पळत असतं.

तर या घड्याळाच्या मागचा बल्ब गेला. दिवसा आकडे दिसायचे. अंधार पडला की तिथे नुसती काळी पट्टी. वेळेची तशी काही टंचाई नव्हती. खिशात फोन होता, मनगटावर घड्याळ होतं. पण पडलेल्या दाताच्या जागी जशी जीभ जाते, तशी माझी नजर त्या पट्टीवर जायला लागली.

"मेकॅनिककडे टाक की," बायको म्हणाली.

"एवढ्याशा बल्बसाठी?"

माझ्या आयुष्यातले बरेच अनर्थ 'एवढ्याशा' या शब्दापासून सुरू झालेले आहेत.

मूळ बल्ब १.२ वॉटचा, करंगळीच्या नखाएवढा. तसाच दुसरा आणून बसवला असता तर काहीच झालं नसतं. पण मी वाचलं होतं की एलईडी वीज कमी खाते, तापत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. पुढे ५५ वॉटचे दोन हेडलाइट ढणाढणा जळत असताना मी त्या सव्वा वॉटात काटकसर करायला निघालो. एलईडी सुट्या मिळत नव्हत्या, दहाचं पाकीट घ्यावं लागलं.

काम कसं करायचं याचा चार मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने पॅनेलला दोन बोटं लावली आणि ते केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. मी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. संपूर्ण प्रकरणात मी शहाण्यासारखं केलेलं हे एकच काम, आणि त्याचीही शिक्षा पुढे झालीच.

पॅनेल आतून प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेलं असतं. क्लिप सुटते तेव्हा 'खट्' होतं आणि तुटते तेव्हा 'कट्ट' होतं. हा फरक कानाला समजायला एक तरी तुटावी लागते. मला दोन लागल्या.

घड्याळाच्या पाठीमागे बल्बचा होल्डर होता. पाव फेरा फिरवला की बाहेर येतो म्हणे. पण तिथे बोट पोचलं तर बोट वळेना आणि पक्कड पोचली तर बोटाला जागा उरेना. शेवटी फिरला तो असा फिरला की निसटून डॅशबोर्डाच्या पोटात गेला. टक्, टक्, आणि बऱ्याच वेळाने खालून, खोलवरून, टुक. चुंबक घातलं, पण होल्डर प्लॅस्टिकचा, त्याला चुंबकाचं काय सोयरसुतक! पाऊण तासाने तो पट्टीच्या टोकाला लावलेल्या चिकटपट्टीला लोंबकळत वर आला. सोबत एक जुनं नाणं आणि केसांची एक पिन. दोन्हींवर घरात कुणीच हक्क सांगितला नाही.

बल्ब आतून काळाकुट्ट झाला होता. त्यावर हिरवी रबरी टोपी होती. ती बाजूला ठेवली, एलईडी बसवली, सगळं बंद केलं, स्क्रू आवळले, बॅटरी जोडली, चावी फिरवली.

अंधार.

साध्या बल्बला वीज कुठल्याही बाजूने आली तरी चालते. एलईडीला चालत नाही; प्लस-मायनस उलटं झालं की ती ढिम्म. निळ्या एलईडीच्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पॅनेल बंद करण्याआधी एकदा लावून बघावं, एवढं सुचायला मात्र नोबेल लागत नाही. पुन्हा सगळं उघडलं. कट्ट. तीन झाल्या.

उलटी करून लावली तर पेटली, आणि काय पेटली! ऑपरेशन थिएटरसारखा पांढराफटक उजेड. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो, एलईडीचा मात्र नाकासमोर चालतो. त्यामुळे मधली दोन टिंबं दिव्यासारखी तळपत होती आणि कडेचे आकडे संध्याकाळी झाडाखाली उभे असल्यासारखे. मग पॉलिश पेपरने एलईडीचं टोक घासून खरबरीत केलं, म्हणजे उजेड जरा पांगतो. हिरवी टोपीही परत चढवली. ती टोपी तिथे का होती, हे तेव्हा कळलं.

इतक्यात रेडिओने चार आकडी कोड मागितला. बॅटरी काढली की त्याची स्मृती जाते आणि मालकालाच तो चोर समजतो. कोड गाडीच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडला, बायकोच्या अक्षरात. खाली लिहिलं होतं, 'हे तू शोधशीलच.'

घड्याळात १२:०० लुकलुकत होतं. मी फोन समोर धरून सेकंदाला सेकंद जुळवून अगदी अचूक वेळ लावली.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची सव्वासहाची वेळ होती. गाडीत बसताना मी घड्याळाकडे पाहून सवयीने सात वजा केले. हिनेही केले. निवांत निघालो. पोचलो तेव्हा आमच्या खुर्चीत दुसराच माणूस आ करून बसला होता.

परत गाडीत येऊन हिने पर्समधलं पेन माझ्या हातात दिलं. मिनिटांचं बटण इतकं आत असतं की पेनाच्या टोकानेच दाबावं लागतं. एक, दोन, तीन... सहा, सात, आणि पेन उचलायला किंचित उशीर झाला.

आठ.

मागे जायचं बटण नाही. सातवर यायचं तर आणखी एकोणसाठ वेळा दाबायचं.

"राहू दे," ही म्हणाली, "आठ वजा करत जाऊ."