वेगळ्या दिवसाने महिलांचं भलंच झालं

पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत असलेली आयर्नमॅन जागतिक स्पर्धा पुरुषांची एकीकडे आणि महिलांची दुसरीकडे घेतल्याने "चुरस आणि आकर्षण दोन्ही कमी झालं", हे तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. 2023 मध्ये हवाईतल्या कोनाला फक्त महिलांची स्पर्धा झाली. चार वेळा दुसरी आलेली ल्युसी चार्ल्स-बार्कली पोहण्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकली, तीही 8:24:31 अशा कोर्स रेकॉर्डसह. 2025 मध्ये तर तिथल्या उन्हाने आधी ल्युसीला, मग शेवटचे काही किलोमीटर उरलेले असताना आघाडीवरच्या टेलर निबला थांबवलं आणि सोल्वेग लोव्हसेथ जिंकली. दुसऱ्या आलेल्या कॅट मॅथ्यूजशी तिचा मिनिटाचाही फरक नव्हता. याहून चुरस ती काय हवी? आणि कॅमेरा पूर्ण वेळ बायकांवरच होता, पुरुषांच्या शर्यतीतून उरलेल्या वेळात नव्हे.

सायकलिंगचा मुद्दा तर लेखात आलेलाच नाही. आयर्नमॅनच्या अर्ध्या अंतराच्या एका स्पर्धेत मी एका गृहस्थांना ओव्हरटेक केलं, तर ते लगेच जोर लावून पुढे गेले आणि तिथे मंदावले. नियमानुसार मागे अंतर ठेवायचं म्हणून मलाच पेडल थांबवावं लागलं. पुन्हा ओव्हरटेक, पुन्हा तेच. पाय त्यातच संपले, धावताना पोटऱ्यांत गोळे. एकत्र स्पर्धेत व्यावसायिक महिलांनाही पुरुषांच्या गर्दीचा त्रास होतोच. 2026 पासून कोनाला दोन्ही एकाच दिवशी आहेत, तेव्हा महिलांच्या सुरुवातीच्या वेळेत पुरेसं अंतर ठेवणार का, हे लेखात आयोजकांना विचारायला हवं होतं.